शमशूचं खाणं

अष्टमी, रोहा
बुधवार, दुपार

प्रिय दीना,

पाकीट बघून दचकू नकोस. मला काही झालेलं नाही, बीपी ठीक आहे, गोळ्या वेळेवर घेतो. पेणच्या नथानियलचा मुलगा परवा विमानाने तिकडे निघालाय, त्याच्या हाती पोहे, पापड आणि आमसुलं देतोय, त्यातच हे घातलंय. रोज फोन असताना हा माणूस कागद काळे का करतो, असं तू म्हणणारच. अगं, फोनवर तुझ्या मागे आपली डेबोरा उभी असते, तिच्या कडेवर बाळ, ज्याच्यासाठी तू तिकडे गेलीस, आणि मध्येच शीरा डोकं घालून विचारते, आजोबा, शमशू कुठाय? मला तुझा चेहरा दिसतो आणि माझं तोंड बंद होतं. दर शनिवारी शब्बाथ सुटला की तुझा एकच प्रश्न. शमशूची सोय लावलीत का, आणि येताय कधी? आता तर दहा जूनचं तिकीटही काढलंस, मला न्यायला येतेस, तिकडे कायमचं राहायचे कागद डेबोराने तयार ठेवलेत, माझी फक्त सही हवी. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बसलोय, दीना. पण सरळ उत्तर देणं मला आयुष्यात कधी जमलंय? तेव्हा शमशूच्या खाण्यापासून सुरू करतो. शेवटपर्यंत वाच, अर्ध्यावर उठून फोन लावू नकोस.

मार्चमध्ये तो आला तेव्हा तू फोनवर केवढी चिडली होतीस. ह्या वयात कुत्रा, आणि तोसुद्धा ग्रेट डेन! मी म्हटलं होतं, आळीत दोन घरं फुटली, राखणीला हवा. तुला ते पटलं नव्हतं, पण तू विषय सोडलास. पेणच्या पुढे एक फार्महाऊस आहे, तिथला राखणदार शेजारच्या केरूच्या ओळखीचा. तिथे पिल्लं द्यायची आहेत असं कळलं, म्हणून केरूच्या टेम्पोतून गेलो. एका टोपलीत पांढरी केसाळ पिल्लं होती, मुठीएवढी, आयुष्यभर मांडीवर मावतील अशी. केरू म्हणाला, ह्यातलं घ्या एझ्राशेट, खायला पण कमी लागतंय. मी नको म्हटलं. बाजूच्या गोठ्यात ग्रेट डेनची चार होती, करडी, पाय म्हणजे नुसत्या काठ्या आणि पंजे बशीएवढे. त्यांचा बाप खुंट्याला बांधला होता, तो उभा राहिला तर माझ्या कमरेला लागत होता. मी त्या बापाकडे बघितलं आणि म्हटलं, ह्यातलंच द्या. केरूला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. येताना टेम्पोत ते पिल्लू माझ्या सदऱ्यात तोंड खुपसून झोपलं, आणि कासू येईपर्यंत मी त्याचं नाव ठेवून मोकळा झालो. शमशोन, आपल्या शास्त्रातला तो बलवान. आळीतल्या पोरांनी दोन दिवसांत त्याचा शमशू केला.

दुसऱ्या दिवशी खाण्याचा प्रश्न. तुला माहीतच आहे, धाटावला कंपनीच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस मी, पिंपावरचं लेबल वाचल्याशिवाय आत घेतलं नाही कधी. इथल्या जनावरांच्या डॉक्टर अनिता म्हणून आहेत, तरुण बाई, बोलायला कडक. त्यांनी शमशूचे पंजे दाबून बघितले आणि मला समोर बसवून शाळेतल्या पोरासारखं समजावलं. म्हणाल्या, काका, लहान जातीचं पिल्लू आणि हे पिल्लू एक नाही. ह्याला भराभर वाढवायचं नाही. जास्त खाऊन अंगावर चढलं, किंवा कॅल्शियम जास्त गेलं, की हाडं नीट बनत नाहीत, पाय वाकतात, खुबा निखळतो, मग जन्मभराचं लंगडणं. साधं पिल्लांचं खाणं आणायचं नाही, पिशवीवर मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी असं स्पष्ट लिहिलेलं हवं. कॅल्शियम सव्वा टक्क्याच्या आसपास, वरून कसलंही औषध नाही. दिवसाचं मोजून तीन वेळा. बरगडी डोळ्यांना दिसता कामा नये, पण हाताला लागली पाहिजे. मी सगळं लिहून घेतलं. त्यासाठी नवी वहीच केली.

रोह्यात तसली पिशवी मिळेना, म्हणून पेणला मितेशच्या दुकानात गेलो. त्या मितेशशी माझं जे वाजलं ते तू ऐकायला हवं होतंस. तो पोरगा मला चकचकीत पिशवी दाखवतोय, वर धष्टपुष्ट कुत्र्याचं चित्र. म्हणतो, अंकल, ये खिलाओ, महिन्यात डबल होईल. मी म्हटलं, मला डबल नकोय, मला सावकाश हवंय. मग त्याने कॅल्शियमच्या सिरपची बाटली काढली, म्हणे एवढ्या मोठ्या हाडाला लागणारच. मी चष्मा लावला आणि दुकानातल्या सहा पिशव्यांची पाठ वाचून काढली, गिऱ्हाइकं खोळंबली तरी. दोन पिशव्यांवर कॅल्शियमचा आकडाच नव्हता. एकीवर होता, पण दोन टक्क्यांच्या वर. एक बरी होती, पण तिच्यावर नुसतं प्राणिज चरबी असं लिहिलेलं. आता कुठल्या प्राण्याची? डुकराची असली तर आपल्या घरात ती पिशवी फोडायची कशी? पिशवीवरच्या नंबरावर फोन लावला. पलीकडची मुलगी हिंदीत विचारते, सर, आपके डॉग को एलर्जी है क्या? मी म्हटलं, डॉगला नाही, मला आहे. ती दहा मिनिटांनी शोधून आली आणि म्हणाली, चिकन फॅट, सर. तेव्हा कुठे पिशवी घेतली.

घरी आणल्यावर दुसरी पंचाईत. पिशवीत कोंबडीही आणि दुधाची पावडरही, दोन्ही एकत्र. तुझं स्वयंपाकघर, तिथे अडतीस वर्षांत दुधाचं पातेलं मटणाच्या ओट्याला लागलेलं नाही. तू हसशील, पण मी पिशवी आत आणलीच नाही. पुढच्या पडवीत पत्र्याचा डबा ठेवला, त्याची थाळी वेगळी, धुवायची घासणी वेगळी, तीही अंगणातल्या नळावर. वजनकाटा तेवढा तुझाच घेतला, त्यावर कागद पसरून. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात. सुरुवातीला शंभर शंभर ग्रॅम, मग आठवड्याच्या आठवड्याला थोडं वाढवत. वहीत तारीख, वेळ, ग्रॅम, शी कशी झाली तेसुद्धा. दर रविवारी त्याला उचलून मी माणसांच्या वजनकाट्यावर उभा राहायचो आणि माझं वजन वजा करायचो. शेवटी शेवटी उचलवेना, तेव्हा केरू उचलायचा आणि शिव्या घालायचा.

आळीत प्रत्येकाला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. विमलबाई कुंपणावरून ओरडायची, अवो, त्या पोराला भाकरी-दूध घाला, काय ते गोळ्या मोजताव, उपाशी मारताव त्याला! तिचा नवरा केरू तिच्याहून वरचढ. त्याचं म्हणणं, सुकटीचा कुटा दे, अंडी दे, डोलवीला कंपनीच्या गेटवर एक कुत्रा हाय, कॅन्टीनचं खाऊन कसा बैलासारखा झालाय. मी सगळ्यांना एकच उत्तर देत होतो. मोठ्या जातीचं पिल्लू आहे, त्याचं तंत्र वेगळं. डॉक्टरबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती मी तुलाही फोनवर मुद्दाम दोन-दोनदा सांगितली. लहान कुत्रा वर्षात मोठा होतो, ह्या जातीला दीड वर्ष लागतं. अठरा महिने पिल्लांचंच खाणं, त्यात खंड नाही, हात बदलणं नाही. आठवतं? तू म्हणालीस, विमलबाईकडे द्या की. मी म्हटलं, ती दूध-भाकरी घालून त्याचे पाय वाकडे करील. तू म्हणालीस, मग डॉक्टरबाईंना विचारा कुणी चांगलं घर आहे का. मी म्हटलं, अठरा महिने होऊ देत, मग बघू. एक दिवस डेबोराने फोन हातात घेतला आणि म्हणाली, बाबा, कुत्र्याच्या खाण्यासाठी तुम्ही दीड वर्ष आईला सोडून राहणार? मी काय बोललो ते आता आठवत नाही. बहुतेक रेंज गेल्याचं नाटक केलं.

पेसाहचे आठ दिवस तर मजाच झाली. पिशवीत गहू, आणि गहू घरात नको. पडवी म्हणजे घर की बाहेर, ह्यावर मी एक सकाळ विचार केला आणि शेवटी डबा उचलून विमलबाईच्या ओसरीवर नेऊन ठेवला. दिवसातून तीनदा मी वही आणि शमशू घेऊन तिच्याकडे. तिने त्याला चोरून एक घास भरवू नये म्हणून मी तो संपवेपर्यंत तिथेच उभा. ती म्हणायची, गो बाय, एवढं तर माझ्या सुनेच्या बाळंतपणात कोणी केलं नाय. सण एकट्याने केला, दीना. वाचायचं सगळं वाचलं. लहान मुलाने विचारायचे ते प्रश्न मीच विचारले आणि उत्तरंही मीच दिली, शमशू टेबलाखाली झोपला होता.

त्यानंतर मी मलिदा धरला. तुला फोनवर सांगितलं होतं, तू खूश झाली होतीस. तू सुखरूप परत यावीस म्हणून एलियाहू हन्नबीला नवस, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी. रोह्याचे, पेणचे, नागोठण्याचे मिळून जितके उरलेत तितक्यांना निरोप धाडला. मलिदा कधी मी केलाय का? तुझ्या आईच्या मापानेच करणं मला ठाऊक, तो म्हणजे तीस माणसांचा. पोहे भिजवले, सहा नारळ खोवले, गूळ, वेलची, खजूर, आणि मनुका अर्धा किलो, कारण तुझी आई म्हणायची मनुकांत हात आखडला तर नवसात हात आखडला. परात भरली. माणसं जमली सहा. पेणचे दोघे, नागोठण्याची म्हातारी आणि तिचा पुतण्या, अलिबागहून एक, आणि मी. सॉलोमनकाकांचा गुडघा धरलेला, त्यांनी फोनवरून आमेन म्हटलं. सहा माणसं किती खाणार? वाटून दिला, बांधून दिला, विमलबाईकडे डबा भरून पाठवला, आणि तरी परात निम्मी. बेराखा म्हणून देवाचं नाव घेतलेलं टाकायचं नाही, हे आपल्या घरात मी सांगायला नको. सगळे गेल्यावर मी परातीसमोर बसलो. भूक नव्हती. दारात शमशू बसलेला, जिभेने नाक चाटत. मनात आलं, हाही ह्या घरातलाच, ह्याला तरी वाटा का नको? मी त्याला हाताने भरवला, दीना. घास घास करून. तो इतका आनंदाने खात होता की मला बरं वाटलं. खूप दिवसांनी कुणीतरी घरात माझ्या हातचं पोटभर खाल्लं.

सोमवारी सकाळी ओकला. मला वाटलं गूळ बाधला. दुपारी थाळीला तोंड लावलं नाही, वहीत लिहिलं, शून्य. मंगळवारी पाणी पीत होता आणि पुन्हा ओकत होता, विमलबाई म्हणाली, नजर लागली असंल. बुधवारी डॉक्टरबाईंनी सुई दिली आणि विचारलं, काही वेगळं खाल्लं का, कांदा, चॉकलेट, उंदराचं औषध, द्राक्षं? मी वही पुढे केली. अभिमानाने केली, खोटं कशाला सांगू. बघा म्हटलं, दीड महिना एक ग्रॅम इकडचा तिकडे नाही. त्यांनी पानं उलटली, मान हलवली, म्हणाल्या, काका, सगळ्यांनी असं केलं तर मला काम उरणार नाही. रविवारच्या पानावर सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात, एवढंच होतं. मलिदा लिहिलेला नव्हता. लपवला नव्हता गं. मलिदा म्हणजे खाणं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. खाणं ते डब्यातलं, काट्यावरचं. मलिदा म्हणजे देवाचं.

गुरुवारी त्याची लघवी बंद झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, पेणला मशीन आहे, रक्त तपासा, उशीर नको. केरूने कंपनीची खेप सोडली आणि टेम्पो काढला. मागे गोणपाटावर मी आणि शमशू, त्याचं डोकं माझ्या मांडीवर, पंजे बाहेर लोंबतायत. पेणच्या डॉक्टरांनी रक्त काढलं, सलाईन लावलं आणि तासाभराने कागद घेऊन आले. दोन्ही किडन्या गेल्यात म्हणाले. मग विचारलं, आजोबा, द्राक्षं नाही तर मनुका, बेदाणे असं काही पोटात गेलंय का? कुत्र्यांना ते विष असतं, सगळ्यांना सारखं नाही, पण एखाद्याला लागतं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि माझ्या डोळ्यांपुढे ती परात आली. अर्धा किलो. तुझ्या आईच्या मापाने. मी खुर्चीवर बसलो. डॉक्टरांना सांगितलं, मी भरवलंय. केरू दाराशी उभा होता, तो म्हणाला, सायब, त्यांनी नाय, देवाचा परसाद होता तो. मी त्याच्यावर ओरडलो. इतक्या लोकांसमोर मी कधी ओरडलो नव्हतो.

शुक्रवारी दुपारी तिथेच गेला. सव्वाशे दिवसांचाही नव्हता. वजन वीस किलो सहाशे, डॉक्टरांनी सलाईनसाठी केलं होतं. पाय सरळ, बरगडी हाताला लागत होती, जशी लागायला हवी तशीच. येताना केरूने कुठेही टेम्पो थांबवला नाही. आपल्या परसात शेवग्यापलीकडे खड्डा काढला त्याने, मला फावड्याला हात लावू दिला नाही. शब्बाथ लागायच्या आत सगळं आटपलं. मी आंघोळ केली, दिवा लावला, आणि सात वाजता पडवीत जाऊन डब्याचं झाकण उघडलं. सवयीने. मग तिथेच खाली बसलो आणि रडलो. विमलबाई कुंपणापाशी आली होती, तिने मला बघितलं आणि परत गेली.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन. शीरा म्हणाली, शमशू दाखवा. मी म्हटलं, झोपलाय. त्यानंतर एकदा विमलबाईकडे गेलाय, एकदा अंधार आहे, एकदा मोबाइलचा कॅमेरा बिघडलाय. बारा दिवस खोटं बोलतोय. तुला वाटेल शीराला रडू येईल म्हणून. नाही. आता ऐक. शमशूने शेवटचा श्वास सोडला तेव्हा माझा हात त्याच्या पोटावर होता, ते पोट थांबलेलं मला हाताला कळलं, आणि माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली माहीत आहे? आता जावं लागणार. त्याचं दुःख नंतर आलं, अर्ध्या मिनिटाने असेल, पण नंतर. आधी आलं ते हे. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. चार महिन्यांचं पोर माझ्या हातचं खाऊन मेलं आणि मी मनात माझी सबब गेली म्हणून हळहळत होतो.

कारण तो सबबच होता, दीना. आळीत घरं फुटली होती, पण राखणीला मला कुत्रा नको होता. मी पेणला पिल्लू आणायला जायच्या आधी चौकशी केली होती, कुठला कुत्रा विमानातून नेणं सगळ्यांत अवघड. केवढा पिंजरा, किती कागद, उन्हाळ्यात घेतात की नाही, सगळं. म्हणून त्या केसाळ पिल्लांकडे बघितलं नाही आणि कमरेएवढ्या बापाचं उचललं. मग डॉक्टरबाईंनी अठरा महिने म्हटलं आणि मला तर घबाडच मिळालं. त्याचं खाणं मी जीव लावून केलं, त्यात खोट नव्हती. तो कधी माझा झाला ते मला कळलंही नाही. पण प्रत्येक ग्रॅम मोजताना मी माझे दिवस पण मोजत होतो. आणि मलिद्याला सगळ्यांसमोर तुझ्या परत येण्याचं नाव घेतलं, त्यांनी आमेन म्हटलं, तेव्हा मनात मी दुसरंच मागत होतो. तू ये असं नव्हतो म्हणत. म्हणत होतो, देवा, मला इथून हलवू नकोस.

लोक विचारतात तेव्हा मी सांगतो, सिनेगॉगला झाडू कोण मारील, कबरस्तानाचं कुंपण कोण बघेल. छान वाटतं ऐकायला. खरं नाही ते. झाडू विमलबाईची सून मारते. तीन वर्षांपूर्वी तुझ्याबरोबर दोन महिने तिकडे राहिलो, डेबोराने काही कमी केलं नाही. पण मी तिथे बाल्कनीत बसून दुसऱ्यांचे कपडे वाळताना बघायचो, खाली उतरलो तर पाव मागायलासुद्धा शीराला बरोबर न्यावं लागायचं. इथे पुलावर पोचायच्या आत चार माणसं एझ्राशेट म्हणून हाक मारतात आणि त्यातले दोन माझ्याशी भांडतात. मला एवढंच हवंय. फार मोठं कारण नाही, मला ठाऊक आहे. तुझ्यापेक्षा मोठं तर नाहीच. सकाळी चहाचा दुसरा कप मी अजून काढतो आणि परत ठेवतो. रात्री कूस बदलली की तुझ्या बाजूला हात जातो. तरीसुद्धा, दीना. तुझा गुडघा तिकडे बरा झाला, बाळ तुझ्याशिवाय झोपत नाही, तुझ्या आवाजात जो हुरूप आहे तो इथे दहा वर्षांत मी ऐकला नव्हता. तो मला कळतो.

म्हणून हे लिहिलं. फोनवर तू रडली असतीस आणि मी हो म्हणून गेलो असतो, आणि मग आयुष्यभर तुझ्यावर चिडत राहिलो असतो. मला न्यायला येऊ नकोस. राहायला येणार असलीस तर दार उघडं आहे, आणि नाही आलीस तर माझ्या मनात तुझ्याबद्दल वाकडं काही येणार नाही, हे मी शब्बाथची शपथ घेऊन सांगतो. पण मी येत नाही. शमशू होता म्हणून नव्हे, त्याच्या खाण्यामुळे नव्हे, आता तर तोही नाही. मीच येत नाही. तिकिटाचं काय करायचं ते तू ठरव, घाई करू नकोस. शमशूचं शीराला मी स्वतः सांगतो, येत्या शनिवारी. माझं डेबोराला तू सांग.

तुझाच,
एझ्रा